चमचा, मेणबत्ती आणि पाच लिटरचा कॅन

आज शनिवार असूनही सकाळपासून घराबाहेर पडलेलो नाही. कारण बाथरूममध्ये ठेवलेला एक पांढरा कॅन. पाच लिटरचा, लॅबवाल्याने दिलेला, वर मार्करने माझं नाव आणि '२४ तास' असं लिहिलेलं. सकाळी सातची पहिली लघवी सोडून द्यायची आणि तिथून उद्या सकाळी सातपर्यंतचा थेंब न् थेंब या कॅनमध्ये जमा करायचा. त्यामुळे आज मॉल नाही, सिंहगड नाही, कुणाच्या मुलाचा वाढदिवस नाही. बायको म्हणाली, "बरंय, एक शनिवार तरी घरात सापडलास."

लेक साडेतीन वर्षांची आहे. तिला हा प्रकार भयंकर आवडला. "बाबा, तू शू का साठवतोस?" डॉक्टरकाकांना मोजायचीय म्हणून. "मग माझी पण मोज." मोठ्या मुश्किलीने तिला तिथून बाहेर काढलं.

तर मंडळी, गोष्ट अशी. मागच्या वर्षी कंपनीच्या फुकटच्या हेल्थ चेकअपमध्ये माझ्या लघवीत प्रोटीन आणि रक्तपेशी सापडल्या. मला काहीही होत नव्हतं. पायावर सूज नाही, दुखणं नाही, आठवड्यातून दोनदा बॅडमिंटन चालू. रिपोर्ट चुकला असेल म्हणून दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा केला, तोच आला. मग नेफ्रॉलॉजिस्ट, मग बायॉप्सी आणि शेवटी निदान: आयजीए नेफ्रोपॅथी. क्रिएटिनिन १.३, ईजीएफआर ७४. वय ३४. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "अर्ली स्टेज आहे. चांगलं आहे."

त्या 'चांगलं आहे'चं काय करायचं ते मला कळेना. रात्री झोप लागत नसे. लेक मध्ये झोपलेली, तिचा एक पाय माझ्या पोटावर, आणि मी डोक्यात वजाबाकी करतोय. ती दहावीला असेल तेव्हा माझा ईजीएफआर किती असेल? कॉलेजला जाईल तेव्हा? नवीन प्रोजेक्टवर टाकलं की मी आधी जुनी डॉक्युमेंटं आणि चेंजलॉग वाचत बसतो, हे माझ्या टीमला माहीत आहे. इथेही तेच केलं. किडनीच्या आजाराचा इतिहास वाचायला घेतला. मनाला बरं वाटावं म्हणून वाचत होतो असं नाही, पण वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली आणि त्यावरच हा लेख. 'अर्ली स्टेज' नावाची अवस्था फार नवीन आहे. आजार जुना आहे. त्याची सुरुवात दिसायला लागली ती माझ्या हयातीत.

सुरुवात करू लंडनपासून. १८२७ मध्ये गाय्ज हॉस्पिटलमधल्या रिचर्ड ब्राइट या डॉक्टरने आपल्या रुग्णांची निरीक्षणं छापली. अंगभर सूज आलेले रुग्ण त्या काळी सगळीकडेच असत. सूज हाच आजार समजला जाई. ब्राइट अशा रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायचा आणि चमचा मेणबत्तीवर धरायचा. काहींच्या चमच्यात ती पांढरी होऊन गोठायची, अंड्याचा पांढरा भाग गोठतो तशी. तेच प्रोटीन, अल्ब्युमिन. हे रुग्ण मेले की तो शवविच्छेदन करायचा, आणि त्यांच्या किडन्या बिघडलेल्या निघायच्या. सूज, गोठणारी लघवी आणि खराब किडनी या तीन गोष्टी त्याने एकत्र बांधल्या. पुढे शंभर वर्षं किडनीच्या आजाराला 'ब्राइट्स डिसीज' असंच नाव होतं.

माझ्या बाथरूममधला कॅन हा त्या चमच्याचाच वंशज आहे. उद्या लॅबवाला हेच मोजणार, दिवसाला किती ग्रॅम प्रोटीन गळतंय. फरक इतकाच की ब्राइटच्या चमच्यापर्यंत येणारा माणूस आधीच सुजलेला असायचा. निदान अचूक व्हायचं, आणि मग? रक्त काढणं, जुलाब देणं. बस्स.

यातली एक गोष्ट वाचून मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. १८८४ सालची, न्यूयॉर्कमधली. थिओडोर रूझवेल्ट, म्हणजे पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेला, तेव्हा पंचविशीतला आमदार होता आणि कामासाठी ऑल्बनीला होता. १२ फेब्रुवारीला त्याची बायको ॲलिस बाळंत झाली, मुलगी झाली. मुलीच्या जन्माची तार पोचली, आणि पाठोपाठ बायकोची तब्येत बिघडल्याची. तो घरी पोचला तेव्हा एका मजल्यावर आई टायफॉइडने शेवटच्या घटका मोजत होती आणि दुसऱ्यावर ॲलिस. १४ तारखेला दोघीही गेल्या, काही तासांच्या अंतराने. ॲलिस २२ वर्षांची होती. कारण: ब्राइट्स डिसीज. गरोदरपणामुळे तो झाकला गेला होता, कुणाच्या लक्षातच आला नाही. रूझवेल्टने डायरीच्या त्या पानावर एक मोठी फुली मारली आणि खाली एक ओळ लिहिली. दोन दिवसांच्या मुलीला बहिणीकडे सोपवलं आणि काही महिन्यांनी स्वतः डाकोटाच्या माळरानावर गुरं राखायला निघून गेला.

लक्षात घ्या, ब्राइटचा चमचा तोवर ५७ वर्षांचा जुना झाला होता. तपासणी होती, पण ठणठणीत दिसणाऱ्या बाईची ती करायची असते हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. (आज आपल्याकडे गरोदरपणात दर भेटीला लघवी का तपासतात, याचं उत्तर मला बायकोच्या वेळी माहीत नव्हतं. कंटाळून बाहेर बसायचो.)

त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, माक्स याफे या जर्मन शास्त्रज्ञाला असं आढळलं की क्रिएटिनिनमध्ये पिक्रिक ॲसिड आणि अल्कली घातलं की नारिंगी रंग येतो. तुमच्या घरात कुणाचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट असेल तर काढून बघा. खाली बारीक अक्षरांत बऱ्याचदा 'मॉडिफाइड जाफे' असं छापलेलं असतं. तोच हा याफे. सव्वाशेहून अधिक वर्षं जुना कोड अजून प्रॉडक्शनमध्ये चालू आहे, आणि रिपोर्टच्या किमतीत दिसतं की तो स्वस्त आहे. पण या आकड्यात एक गोम आहे. किडनीचं निम्मं काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिन बऱ्याचदा 'नॉर्मल'च्या चौकटीत राहू शकतं. म्हणजे सर्व्हर निम्मे झोपलेत आणि डॅशबोर्ड हिरवा.

मधल्या काळात मोठी धावपळ झाली ती दुसऱ्या टोकाला, किडनी पूर्ण बंद पडलेल्यांसाठी. हॉलंडवर नाझींचा कब्जा असताना काम्पेन नावाच्या छोट्या गावात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरने कृत्रिम किडनी बनवली. सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी, ती गुंडाळायला फिरणारा ड्रम आणि खाली मोठं टब. रक्त नळीतून फिरणार, घाण बाहेरच्या पाण्यात उतरणार. १९४३ पासून तो प्रयोग करत होता आणि रुग्ण एकामागून एक दगावत होते. सप्टेंबर १९४५ मध्ये सतरावी रुग्ण शुद्धीवर आली. ६७ वर्षांची बाई, आणि नाझींची साथ दिली म्हणून तुरुंगात असलेली! गावात बऱ्याच जणांना ती वाचावी असं मुळीच वाटत नव्हतं. कोल्फने तिला वाचवलं आणि ती पुढे सात वर्षं जगली. तरुणपणी डोळ्यांदेखत एक २२ वर्षांचा मुलगा युरेमियाने गेला, त्याच्या आईला काय सांगायचं ते सुचलं नाही, तिथून हे सगळं सुरू झालं असं कोल्फच सांगायचा.

कोल्फचं यंत्र मात्र थोड्या दिवसांसाठी होतं. दर वेळी नवी शीर कापून नळी घालायची, शिरा संपल्या की खेळ संपला. १९६० मध्ये सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नरने टेफ्लॉनची एक वळवलेली नळी कायमची हातात बसवली. रोहिणीतून निघून शिरेत शिरणारी, हवी तेव्हा यंत्राला जोडता येणारी. क्लाइड शील्ड्स हा बोईंगमधला मशिनिस्ट पहिला रुग्ण, वय ३९. तो पुढे ११ वर्षं जगला. मरण आता पुढे ढकलता येत होतं, अनिश्चित काळासाठी. आणि नेमका इथेच घोळ झाला, कारण यंत्रं मोजकी होती.

मग १९६२ मध्ये सिॲटलमध्ये एक समिती नेमली गेली. सात जण: वकील, पाद्री, बँकर, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार नेता आणि एक सर्जन. नावं गुप्त, मानधन नाही. डॉक्टरांनी वैद्यकीयदृष्ट्या योग्य ठरवलेल्या रुग्णांमधून कोणाला यंत्र द्यायचं ते हे सात जण ठरवणार. उरलेले मरणार. ४५ च्या वरचे आणि लहान मुलं आधीच बाद. मग बघायचं वय, लग्न झालंय का, पदरी किती मुलं, कमाई किती, शिक्षण किती, समाजात काय करतो. ९ नोव्हेंबर १९६२ च्या 'लाइफ' मासिकात शेना अलेक्झांडर या पत्रकार बाईने या समितीवर लेख लिहिला तेव्हा अमेरिका हादरली.

त्यातली एक चर्चा माझ्या डोक्यातून जात नाही. सदस्य बोलताहेत की मागे राहणाऱ्या मुलांचा विचार करायचा तर विधवेला दुसरा नवरा मिळण्याची शक्यताही धरायला हवी. तीन मुलं असलेलीला मिळेल, सहा असलेल्या तरुण बाईला कठीण. वाईट माणसं नव्हती ही. आपण काय करतोय याचं ओझं त्यांना होतं. पण बैठकीचा विषयच असा की बोलणं तिथे जाणारच.

आणि आता कबूल करतो. वाचता वाचता मी माझा अर्ज भरला. वय ३४, विवाहित, मुलगी एक, इंजिनिअर, पगार बरा, होम लोनची १७ वर्षं बाकी. स्कोअर बरा आला असता असं वाटलं. एखाद्या अविवाहित चित्रकाराच्या पुढे मी नक्की असतो. हा विचार करून काही सेकंद खरंच हायसं वाटलं, आणि मग माझीच मला शिसारी आली. लेकीला मी माझ्या बाजूने पुरावा म्हणून टेबलावर ठेवलं होतं.

या समितीला वळसा कुणी घातला तर इंजिनिअरांनी, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सिॲटलमध्येच अल्बर्ट बॅब नावाचा न्यूक्लिअर इंजिनिअरिंगचा प्राध्यापक होता. त्याच्या मित्राच्या शाळकरी मुलीच्या किडन्या गेल्या, आणि वय कमी म्हणून ती समितीच्या नियमात बसेना. बॅब आणि त्याच्या सहकाऱ्यांनी काही महिन्यांत एक यंत्र बांधलं, घरात ठेवता येईल असं, रात्री झोपेत चालेल आणि काही बिघडलं तर स्वतः अलार्म देईल असं. १९६४ ची गोष्ट. आजच्या डायलिसिस मशीनमध्ये जे मॉनिटरिंग असतं त्याची मुळं तिथे आहेत. एका पोरीसाठी केलेला जुगाड.

समित्या मोडल्या त्या कायद्याने. ४ नोव्हेंबर १९७१ ला शेप ग्लेझर नावाचा ४३ वर्षांचा रुग्ण वॉशिंग्टनमध्ये संसदीय समितीसमोर गेला, आणि तिथेच त्याला काही मिनिटं डायलिसिस मशीनला जोडण्यात आलं. त्याने साक्षीची सुरुवातच केली ती वय, वीस वर्षांचा संसार आणि १४ व १० वर्षांची दोन मुलं इथून. इथेही मुलंच पुढे! पण आता ती एका खुर्चीसाठी नव्हती, सगळ्यांसाठी होती. ऑक्टोबर १९७२ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै १९७३ पासून अमेरिकेत किडनी निकामी झालेल्या जवळपास प्रत्येकाचा खर्च सरकारने उचलला.

आपल्याकडे? आमच्या वडिलांच्या पिढीला 'डायलिसिस' हा शब्द कळला तो जयप्रकाश नारायणांमुळे. आणीबाणीत चंदीगडला स्थानबद्ध असताना त्यांची तब्येत ढासळली. नोव्हेंबर १९७५ मध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोकमध्ये आणलं तर किडन्या गेलेल्या. १९७९ मध्ये गेले तोवर ते डायलिसिसवर होते. बाबा सांगतात, पेपरात रोज जेपींच्या प्रकृतीची बातमी असायची आणि हा शब्द कसा उच्चारायचा यावर चाळीत वाद व्हायचे. त्याआधी १९७१ मध्ये वेल्लोरच्या सीएमसीमध्ये देशातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं होतं. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची राष्ट्रीय योजना आहे, आणि राज्याच्या योजनेतही ते बसतं. पण नेफ्रॉलॉजिस्टच्या बाहेर बाकावर बसलं की कळतं. परवा माझ्या शेजारी एक रिक्षावाले काका होते. आठवड्यातून तीनदा सांगितलंय, दोनदाच येतो म्हणाले. का? "तिसऱ्या दिवशी रिक्षा चालवायला नको?" इथे सात जणांची समिती नाही, फॉर्म नाही. काकांनी स्वतःच स्वतःचा अर्ज एक तृतीयांश नामंजूर केला होता.

हे झालं शेवटच्या टोकाचं. सुरुवातीचं टोक कधी उजळलं?

माझ्या आजाराला नाव मिळालं १९६८ मध्ये, पॅरिसमध्ये. जाँ बर्जे आणि निकोल अँग्ले यांनी किडनीच्या तुकड्यांवर चमकणाऱ्या रंगांचं तंत्र वापरलं आणि गाळण्यांमध्ये आयजीए अँटीबॉडी साचलेल्या पाहिल्या. त्यासाठी जिवंत माणसाच्या किडनीचा तुकडा हवा, आणि सुईने तो काढायचं तंत्रही १९५० च्या दशकातलंच. (कोपनहेगनमध्ये आधी रुग्णाला बसवून करायचे, शिकागोवाल्यांनी पालथं झोपवलं. मीही पालथा झोपलो होतो, पोटाखाली उशी. नंतर रात्रभर उताणं, हलायचं नाही. लेक व्हिडिओ कॉलवर विचारत होती, बाबा आडवा का?) बरीच वर्षं हा आजार सौम्य समजला गेला. पुढे कळलं की काहींचा आयुष्यभर जागेवर राहतो आणि काहींची किडनी हळूहळू घेऊन जातो. मी यातल्या कुठल्या रांगेत आहे ते आजच सांगता येत नाही. गळणारं प्रोटीन हा त्यातल्या त्यात बरा अंदाज. म्हणून तो कॅन.

आणि स्टेज? पाच पायऱ्यांची ती शिडी अमेरिकेच्या नॅशनल किडनी फाउंडेशनने २००२ मध्ये मांडली. मी शाळेत होतो! त्याआधी डॉक्टर 'थोडी कमजोर', 'बरीच कमजोर' अशा अर्थाचे शब्द आपापल्या मनाने वापरायचे. २००२ नंतर क्रिएटिनिन, वय आणि लिंग एका सूत्रात घालून आकडा काढायचा आणि आकड्यावरून पायरी. वयाचा घातांक असलेलं ते सूत्र मी अर्थातच एक्सेलमध्ये टाकलंय. (जुन्या सूत्रात कृष्णवर्णीयांसाठी एक वेगळा गुणक हार्डकोड केलेला होता. त्याने त्यांची किडनी कागदावर जास्त चांगली दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागायचं. २०२१ च्या सूत्रातून तो काढून टाकला.)

पायरी दिसून उपयोग काय, जर करण्यासारखं काही नसेल? ते 'काही' एका सापाकडून आलं. ब्राझीलमधल्या जराराका सापाचं विष रक्तदाब पाडतं. सर्जिओ फरेराने १९६० च्या दशकात त्यातला घटक शोधला, पुढे अमेरिकेत कुशमन आणि ओंडेटी यांनी त्या धर्तीवर गोळी बनवली, कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये ती रक्तदाबासाठी बाजारात आली. १९९३ मध्ये ४०९ मधुमेही रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं की या गोळीने मृत्यू, डायलिसिस किंवा प्रत्यारोपणापर्यंत जाण्याचा धोका निम्म्यावर येतो. किडनीचा उतार मंद करणारी गोळी! मला याच घराण्यातली रॅमिप्रिल दिली होती. तिने असा कोरडा खोकला लागला की स्टँडअप मीटिंगमध्ये लोक माझ्यापासून लांब उभे राहायला लागले. आता टेलमिसार्टन चालू आहे, चुलत घराण्यातली. सोबत डापाग्लिफ्लोझिन. तिचा मूळपुरुष सफरचंदाच्या झाडाच्या सालीत १८३५ मध्ये सापडला होता आणि बराच काळ पडून होता. २०२० मध्ये ४,३०४ रुग्णांवरची तिची चाचणी फायदा स्पष्ट दिसल्यामुळे वेळेआधी थांबवली गेली. त्यातल्या जवळजवळ एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हता, म्हणजे माझ्यासारखे. त्याच वर्षी भारतात तिचं मूळ पेटंट संपलं आणि स्वस्त गोळ्या आल्या. ॲलिसला जाऊन तेव्हा १३६ वर्षं झाली होती.

हे वाचून भीती गेली का? नाही. टर्म इन्शुरन्स वाढवायला गेलो, फॉर्ममध्ये 'मूत्रपिंडाचा आजार' समोर 'होय' लिहिलं, एजंटचा फोन नंतर आलाच नाही. दुसरं मूल हवं की नको हा विषय आम्ही दोघं टाळतोय. डॉक्टर म्हणतात हा आजार बहुतेकदा थेट आनुवंशिक नसतो, तरी लेकीच्या लघवीला फेस दिसला की मी टॉयलेटमध्ये वाकून बघतो. बायकोने एकदा पकडलं. काही बोलली नाही, फ्लश केलं. मीठ कमी झालंय, लोणचं-पापड बंद, अंगदुखीला ब्रूफेन घ्यायची सवय बंद. आई फोनवर रोज नवीन काढा सांगते. काढे घेत नाही, पण तिला 'हो' म्हणतो.

एक बदल मात्र झालाय. वजाबाकी करताना मी आधी माझी शेवटची तारीख शोधायचो. आता दर तीन महिन्यांनी एक्सेलमध्ये एक ओळ वाढते: ७४, ७२, ७५, ७३. रेष जवळपास आडवी आहे. चार बिंदूंवरून रेष काढायची नसते हे मी ज्युनिअरांना शिकवतो, तरी काढतो.

रात्रीचे साडेअकरा झालेत. कॅन निम्म्याच्या वर भरलाय. मगाशी दात घासायला गेलो तेव्हा दिसलं, लेकीने माझ्या नावाच्या बरोबर वर हत्तीचं स्टिकर चिकटवलंय. काढायला गेलो तर लेबलच फाटायला लागलं. तसंच ठेवलं. सकाळी सातला शेवटचं सॅम्पल, आठला लॅब उघडते.